वर्गात मल्टिमीडियाचा अर्थपूर्ण वापर: ग्रामीण विदर्भातील शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वर्धा, अमरावती, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील प्राथमिक व माध्यमिक शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेत, प्रशिक्षणात आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. हवा तेवढाच प्रश्न वाचला तरी चालेल. जेथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मल्टिमीडिया म्हणजे नेमके काय? आमच्या शाळेत फक्त एक टीव्ही आणि माझा स्वतःचा मोबाइल आहे.

शब्द आणि चित्र यांची एकत्र मांडणी म्हणजे मल्टिमीडिया, एवढीच व्याख्या वर्गासाठी पुरेशी आहे. शब्द छापील असतील किंवा बोललेले. चित्र स्थिर असेल, हलते असेल किंवा शिक्षकाने फळ्यावर बोलता बोलता काढलेले असेल. या अर्थाने एक टीव्ही, एक मोबाइल आणि फळा असलेली शाळा साधनहीन नाही. टॅब्लेटचा संच, इंटरॅक्टिव्ह पॅनेल, संगणक कक्ष या गोष्टी असल्यास उत्तमच, परंतु पुढील उत्तरांत सांगितलेले जवळजवळ सर्व काही एका पडद्यावर आणि एका फोनवर होऊ शकते.

२. मुले व्हिडिओ अगदी शांतपणे पाहतात. मग ते शिकणे अर्थपूर्ण नाही, असे का म्हणता?

शांतता हे लक्ष असल्याचे चिन्ह असू शकते, शिकल्याचे नव्हे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६० च्या दशकात अर्थपूर्ण शिक्षणाची कल्पना मांडली. तिचा गाभा असा, की नवी माहिती मुलाला आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींशी जोडली गेली तरच ती टिकते आणि नव्या प्रसंगी कामाला येते, नाहीतर ती पाठांतर म्हणून काही दिवस राहून विसरली जाते. व्हिडिओ ही जोडणी आपोआप करून देत नाही. ती शिक्षकाच्या प्रश्नाने, मुलांच्या आपसातील चर्चेने आणि नंतरच्या कृतीने होते.

शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये हेच जरा खवचटपणे सांगितले होते. किराणा घेऊन येणाऱ्या ट्रकमुळे आपले पोषण जसे सुधारत नाही, तसे माध्यमामुळे शिक्षण सुधारत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते टोकाचे आहे आणि त्यावर पुढे बराच वादही झाला. पण टीव्ही बसवला म्हणजे शाळा डिजिटल झाली, असे समजणाऱ्यांनी ते एकदा तरी ऐकावे.

३. कोणत्या घटकासाठी पडदा वापरावा आणि कोणत्या घटकासाठी वापरू नये?

डोळ्यांना दिसणार नाही इतके लहान, नजरेत मावणार नाही इतके मोठे, फार सावकाश किंवा फार वेगाने घडणारे, दूरचे आणि धोकादायक, या गोष्टींसाठी पडदा उपयोगी आहे. हृदयातून रक्त कसे फिरते, चंद्राच्या कला का होतात, गुलाबी बोंडअळीचा पतंग अंडी कोठे घालतो आणि अळी बोंडात कशी शिरते, ज्वालामुखीचा लाव्हा कसा पसरतो, हे फळ्यावर कितीही रंगीत खडू वापरले तरी पुरते उमगत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे याचे चांगले उदाहरण आहे. अशनीच्या आघाताने बेसाल्ट या काळ्या खडकात तयार झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. काठावर उभे राहिले की पाणी आणि झाडी दिसते, पण त्याचा गोल आकार आणि सभोवतालची उंचवट्याची कड लक्षात येते ती वरून घेतलेल्या उपग्रहचित्रात. सहलीला जाऊन आलेल्या मुलांनाही ते चित्र दाखवावे, किंबहुना त्यांना आधी दाखवावे.

याउलट जे शाळेच्या आवारात किंवा शेजारच्या वावरात आहे, ते पडद्यावर दाखवू नये. पऱ्हाटीचे फूल पहिल्या दिवशी पिवळसर आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, हे बांधावर जाऊन पाहता येत असताना त्याचा व्हिडिओ दाखवणे ही वेळेची नासाडी आहे. वजन, मापन, अंकुरण, पानांचे प्रकार, बाजारातील हिशेब यांचेही तेच.

४. एखादा पाठ प्रत्यक्षात कसा घ्यावा, हे सविस्तर सांगाल का?

सातवी-आठवीच्या वर्गासाठी भूजल हा विषय घेऊ. विदर्भातील कोणत्याही गावात मुलांना विहीर, बोअर आणि मार्च-एप्रिलमधील टंचाई यांची माहिती असते. माहीत नसते ते जमिनीखालचे चित्र. म्हणून आरंभ पडद्याने करू नये. प्रत्येक मुलाला कोऱ्या कागदावर विहिरीचा उभा छेद काढायला सांगावे आणि पाणी कोठून येते ते बाणाने दाखवायला सांगावे. बहुतेक मुले जमिनीखाली एक मोठे तळे किंवा वाहती नदी काढतात. हे कागद पुसू किंवा सुधारू देऊ नयेत, ते गोळा करून ठेवावेत.

त्यानंतर माती, मुरूम, फुटलेला खडक आणि सलग काळा पाषाण ही चार नावे फळ्यावरील साध्या आकृतीत दाखवावीत. शक्य असल्यास मुरमाचा एक खडा आणि पाषाणाचा एक तुकडा हातात द्यावा आणि दोन्हींवर चमचाभर पाणी ओतून पाहू द्यावे. पश्चिम विदर्भाचा मोठा भाग बेसाल्ट खडकाचा आहे. सलग बेसाल्टमध्ये पाणी फारसे साठत नाही. ते साठते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकातील भेगांमध्ये. मुलांना ही चार नावे आधी ठाऊक असली, म्हणजे व्हिडिओ पाहताना त्यांचे सारे लक्ष क्रियेकडे राहते, नावांत अडकत नाही.

मग सुमारे चार मिनिटांचे अॅनिमेशन लावावे आणि तीन ठिकाणी थांबवावे. पहिला थांबा पाऊस जमिनीवर पडताच: आता हे पाणी कोठे जाईल, याचा अंदाज जोडीदाराला सांगायचा. दुसरा थांबा पाणी खडकाशी पोहोचल्यावर: येथून पुढे वाट कोणती, ते वहीत बाणाने काढायचे. तिसरा थांबा सर्वांत महत्त्वाचा. पडद्यावर विहिरीशेजारी बोअर दिसू लागला की चित्र गोठवावे आणि बोअर सुरू केल्यावर विहिरीचे काय होईल, हे विचारावे. येथे हमखास कोणीतरी म्हणते, ‘‘सर, बोअर पानी ओढून राह्यली ना!’’ आणि दुसरे कोणीतरी हटकते की त्यांच्या विहिरीला शेजारच्या बोअरने काहीच फरक पडला नाही. हा वाद शिक्षकाने मिटवू नये. दोघांचेही खरे असू शकते, कारण दोन्ही ठिकाणी पाणी एकाच भेगेतून येते की वेगवेगळ्या, यावर ते अवलंबून आहे. उरलेला भाग दाखवून झाल्यावर आधीचे कागद परत द्यावेत आणि वेगळ्या रंगाच्या पेनने दुरुस्ती करायला सांगावी. जुने पुसायचे नाही, त्यावरच नवे काढायचे.

पाठ तेथे संपत नाही. मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, दोरीला दगड बांधून गावातील तीन-चार विहिरींतील पाण्याची खोली दर पंधरवड्याला मोजावी आणि वर्गाच्या भिंतीवर आलेख वाढवत न्यावा. जूनपासून मार्चपर्यंतचा तो आलेख कोणत्याही तयार व्हिडिओपेक्षा मोलाचा आहे. मात्र व्हिडिओ पाहिलेला नसता तर आलेखातील चढउताराचा अर्थ मुलांना लागला नसता, हेही तितकेच खरे.

५. चांगला शैक्षणिक व्हिडिओ कसा ओळखावा?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील रिचर्ड मेयर यांनी कित्येक वर्षे प्रयोग करून या प्रश्नाचा अभ्यास केला आहे. त्यांची मांडणी अशी, की डोळ्यांनी आलेले आणि कानांनी आलेले यांवर मन दोन वेगळ्या वाटांनी काम करते आणि प्रत्येक वाटेची एका वेळची क्षमता फार थोडी असते. त्यावरून निवडीच्या काही कसोट्या मिळतात.

पहिली कसोटी गाळणीची. मागे सतत वाजणारे संगीत, नाचणारी कार्टून पात्रे, विषयाशी संबंध नसलेले विनोद यांनी मुले हसतात, पण आशय कमी लक्षात राहतो. आपल्याकडील बरेचसे व्हिडिओ या एका कसोटीवरच नापास होतात. दुसरी कसोटी अशी, की निवेदक जे बोलतो तेच अक्षरशः पडद्यावर लिहून येत असेल, तर डोळे चित्र सोडून अक्षरांकडे वळतात. याला असलेले अपवाद प्रश्न १५ आणि १६ मध्ये आहेत. तिसरे म्हणजे भागांची नावे त्या भागांजवळच असावीत, खाली वेगळ्या यादीत नसावीत. शिवाय व्हिडिओ लहान असावा किंवा त्याचे लहान तुकडे करता यावेत, आणि निवेदनाची भाषा भाषणासारखी नसून समोर बसून बोलल्यासारखी असावी.

पूर्ण कसोटीला उतरणारा व्हिडिओ मराठीत क्वचितच मिळतो. तेव्हा आवाज बंद करून स्वतः बोलणे, नको असलेली सुरुवात वगळणे, नेमक्या दीड मिनिटाचाच तुकडा वापरणे, हे उपाय करावेत. व्हिडिओ आपण स्वतः अथपासून इतिपर्यंत पाहिल्याशिवाय वर्गात लावू नये, हे सांगण्याची गरज नसावी. परंतु ती वारंवार भासते.

६. काही मुले बघून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून. त्याप्रमाणे गट पाडून वेगवेगळे साहित्य द्यावे का?

नाही. ही कल्पना प्रशिक्षणांतून फार पसरली आहे, पण २००८ साली हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी घेतलेल्या आढाव्यात तिला आधार देणारा पुरेसा पुरावा आढळला नाही. साहित्याची निवड घटकाच्या स्वरूपावरून करावी. नकाशा सर्वांनीच पाहायचा असतो आणि कविता सर्वांनीच ऐकायची असते.

७. शाळेसाठी टीव्ही घ्यावा की प्रोजेक्टर?

आपल्या भागात बहुतेक शाळांना टीव्ही बरा. प्रोजेक्टरला अंधार लागतो आणि आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये, शाळा सकाळपाळीची असली तरी, टिनाच्या छताखाली खिडक्या लावून मुलांना बसवणे योग्य नाही. प्रोजेक्टर साधारण २०० ते ३०० वॅट वीज घेतो, ४३ इंची एलईडी टीव्ही बहुधा १०० वॅटच्या आत असतो. शिवाय प्रोजेक्टरच्या जाळीत धूळ बसली की तो तापून बंद पडतो. मोठे सभागृह किंवा संध्याकाळची पालकसभा असेल, तर गोष्ट वेगळी.

टीव्ही दाराच्या किंवा खिडकीच्या समोर लावू नये, त्यात उजेडाचे प्रतिबिंब पडते. खरेदीपूर्वी दुकानात आणि बसवल्यावर वर्गात एकच चाचणी करावी: दुपारी शेवटच्या रांगेत जमिनीवर बसून पडद्यावरचे मराठी अक्षर वाचता येते का ते पाहावे. जोडाक्षरे आणि वेलांट्या वाचता येत नसतील, तर टीव्ही लहान आहे किंवा मुले दूर आहेत. टीव्हीचा आवाज बहुधा मागच्या किंवा खालच्या बाजूने निघतो, त्यामुळे तीस-चाळीस मुलांच्या वर्गात वेगळा लहान स्पीकर लागतोच.

८. लाईन केव्हा जाईल याचा भरवसा नाही आणि नेटवर्क शाळेमागच्या टेकडीवर चढल्यावर मिळते. अशा ठिकाणी काय करावे?

इंटरनेटवर चालणारा पाठ आखूच नये. साहित्य तालुक्याला किंवा घरी उतरवून घ्यावे आणि वर्गात फक्त पेनड्राइव्ह न्यावा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी शैक्षणिक अॅपमधील साहित्य फोनमध्ये साठवून नंतर इंटरनेटशिवाय पाहता येते, आणि पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन केल्यास त्या पाठाचे साहित्य थेट उघडते. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची विज्ञान-गणिताची सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून पाहता येणारे प्रयोग, मोफत आहेत, त्यांतील अनेक मराठीत आहेत आणि संगणकावर उतरवून इंटरनेटशिवाय चालवता येतात. आकाशदर्शनासाठी स्टेलॅरियम हे सॉफ्टवेअर आहे. पेनड्राइव्हवर फाइल असूनही टीव्ही ती दाखवत नसेल, तर बहुधा फाइलचा प्रकार किंवा पेनड्राइव्हचे फॉरमॅट हे कारण असते. एमपी४ फाइल आणि फॅट३२ फॉरमॅट बहुतेक टीव्हींना चालते, मात्र त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

विजेचा हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहून थोडे अधिकच वापरायचे म्हटले, तरी १०० वॅटचा टीव्ही नऊ-दहा तास चालावा. म्हणजे आठवडाभराचे पाठ लाईन नसतानाही होतात. बॅटरीतील पाणी पाहण्याची जबाबदारी मात्र एका व्यक्तीच्या नावाने ठरवलेली असावी. जूनच्या वादळी पावसात वीज कडाडत असताना टीव्हीचा प्लग आणि केबल दोन्ही काढावेत, आणि उन्हाळी सुट्टीत वायरी उंदरांपासून जपाव्यात. या दोन कारणांनी जेवढे संच निकामी होतात, तेवढे मुलांच्या हाताळण्याने होत नाहीत.

आणि हे सर्व करूनही ऐनवेळी पडदा काळा राहू शकतो. म्हणून प्रत्येक पाठासाठी एक मोठे छापील चित्र किंवा फळ्यावरची आकृती तयार ठेवावी.

९. पैसा कोठून आणावा?

पटसंख्येनुसार मिळणारे समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे संयुक्त शाळा अनुदान, वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीने केलेली मदत आणि लोकवर्गणी हे नेहमीचे मार्ग आहेत. ठराव शाळा व्यवस्थापन समितीत करून घ्यावा. खरेदीचा पैसा जमतो, पण वीजबिल आणि दुरुस्तीचा जमत नाही, असा सर्वत्र अनुभव आहे. म्हणून वर्षाच्या बिलाची तरतूद झाल्याशिवाय फीत कापण्याचा कार्यक्रम ठेवू नये.

१०. आमची शाळा द्विशिक्षकी आहे. एका वर्गाला टीव्ही लावून दुसऱ्या वर्गाला शिकवले तर चालेल का?

हीच सर्वांत मोठी अडचण आहे आणि हाच सर्वांत मोठा मोह. एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असताना टीव्ही राखणदार म्हणून वापरला जातो. वर प्रश्न २ आणि ४ मध्ये सांगितलेले थांबणे, विचारणे आणि अंदाज बांधणे हे सगळे शिक्षक समोर नसेल तर होत नाही. म्हणून नियम उलटा करावा: पडदा जेथे, शिक्षक तेथे. दुसऱ्या गटाला त्या वेळी शिक्षकाविना होणारे काम द्यावे, जसे की वाचन, गणिताचा सराव किंवा मणी-काड्यांचे काम.

प्रत्यक्षात पंचवीस मिनिटांचे दोन टप्पे पाडता येतात. पहिल्या टप्प्यात तिसरी-चौथी पडद्यासमोर आणि पहिली-दुसरी वाचन कोपऱ्यात. दुसऱ्या टप्प्यात तिसरी-चौथी पाहिलेल्या गोष्टीवर लिहीत किंवा आकृती काढत बसते आणि शिक्षक धाकट्यांकडे येतात. मोठ्यांना पाहिल्यावर विचार करण्यासाठी लागणारा निवांत वेळ यातून आपोआप मिळतो.

कधी चारही इयत्तांना एकच तुकडा दाखवता येतो. मधमाशी फुलावर बसते आणि परागकण घेऊन दुसऱ्या फुलावर जाते, एवढी दीड मिनिटाची चित्रफीत आवाज बंद करून दाखवावी. पहिलीची मुले दिसलेल्या वस्तूंची नावे सांगतील, दुसरीची चित्र काढतील, तिसरीची चार वाक्ये क्रमाने लावतील आणि चौथीची मुले मधमाश्या नाहीशा झाल्या तर आपल्या तुरीचे काय होईल, यावर बोलतील. अंगणवाडीची दोन-तीन भावंडे दारात येऊन बसलेली असतातच; त्यांनाही आत घ्यावे.

११. मुलांच्या घरी कोरकू बोलतात. काही ठिकाणी गोंडी, माडिया किंवा कोलामी. व्हिडिओमधील पुस्तकी मराठी त्यांना समजत नाही.

चित्र समजते आणि शब्द निसटतात, ही अवस्था धारणी-चिखलदऱ्याच्या किंवा भामरागड-एटापल्लीच्या शाळेत पहिली-दुसरीला नेहमीची आहे. वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या मुलांनाही शहरी निवेदनाचा वेग झेपत नाही. सर्वांत परिणामकारक उपाय फुकट आहे: आवाज बंद करावा आणि निवेदन स्वतः करावे. पहिल्या वेळी मुलांच्या भाषेत, थांबत थांबत. दुसऱ्या वेळी त्याच चित्रांवर सोप्या मराठीत. शिक्षकाला ती भाषा येत नसेल, तर गावातील एखादी ताई, अंगणवाडी सेविका किंवा वरच्या वर्गातील मुलगा हे निवेदन फोनवर ध्वनिमुद्रित करून देऊ शकतो. चित्र स्थिर राहून भाषा बदलते, यामुळे मराठी शब्दांनाही आधार मिळतो. वर्षाला अशी आठ-दहा निवेदने जमली, तरी केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, सर्व शाळांना ती वाटून वापरता येतात.

१२. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात आहे. हाताने काम करून शिकण्याची परंपरा सोडून मुलांना पडद्यासमोर बसवणे बरोबर आहे का?

वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची मांडणी पुढे आली आणि तिचा आग्रह हाताने केलेल्या उत्पादक कामातून शिकण्याचा होता. कामाची जागा पडद्याला देणे त्या विचाराशी विसंगत आहे, यात शंका नाही. परंतु कामात अडलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला पडदा वापरणे विसंगत नाही. परसबागेतील वांग्यावर कीड पडली, मुलांनी तिचा फोटो घेतला, मोठा करून पाहिला आणि तिचे जीवनचक्र शोधले, तर काम आणि पडदा एकमेकांना पूरक ठरतात. आधी काम, मग पडदा, आणि पुन्हा काम, हा क्रम सांभाळावा.

१३. मुलांनी स्वतः व्हिडिओ किंवा ऑडिओ तयार करावेत का?

अवश्य. येथेच सर्वाधिक शिकणे होते, कारण काय ठेवायचे आणि काय वगळायचे हे ठरवताना आशय समजावाच लागतो. सुरुवात ऑडिओने करावी. आजीकडून जात्यावरच्या ओव्या, कपाशीच्या जुन्या वाणांची नावे, पूर्वीच्या दुष्काळाच्या आठवणी मुले ध्वनिमुद्रित करून आणू शकतात. ऑडिओला जागा कमी लागते, संकोच कमी होतो आणि साधा फोन पुरतो. ज्यांचा आवाज घेतला, त्यांना तो आधी ऐकवून परवानगी घ्यावी.

दुसरा सोपा प्रकार म्हणजे फोटोंची मालिका. काचेच्या ग्लासात ओल्या कागदाला लावून सोयाबीनचे दाणे ठेवावेत, फोन ठेवण्याची जागा खडूने आखावी आणि रोज परिपाठानंतर त्याच जागेवरून एक फोटो घ्यावा. आठवड्यानंतर ते फोटो भराभर सरकवले की मूळ आधी खाली जाते आणि अंकुर मागाहून वर येतो, हे मुलांनी स्वतः टिपलेले दिसते. संगीत, रंगीत अक्षरे, झगमग यांवर वेळ घालवू देऊ नये.

१४. यूट्यूबवरचा व्हिडिओ उतरवून दाखवणे आणि मुलांचे फोटो समूहावर टाकणे कायदेशीर आहे का?

दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने केलेल्या वापराला, तसेच केवळ विद्यार्थी, शिक्षक आणि पालक अशा प्रेक्षकांसमोर शाळेच्या उपक्रमात चित्रफीत दाखवण्याला सवलत आहे. गावासाठी तिकीट लावून सिनेमा दाखवणे त्यात बसत नाही. मात्र इतर सॉफ्टवेअर वापरून व्हिडिओ उतरवणे यूट्यूबच्या स्वतःच्या अटींविरुद्ध आहे. म्हणून अॅपमधील ऑफलाइन सोय वापरावी किंवा खुल्या परवान्याचे साहित्य निवडावे.

फोटोंच्या बाबतीत अधिक जपावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची अट घातली आहे. अहवालासाठी फोटो हवाच असेल, तर मागून घेतलेला किंवा मुलांच्या वहीचा फोटो पुरतो. मुलाचे नाव, गाव आणि चेहरा एकत्र कधीही टाकू नयेत.

१५. दहावीच्या मुलांनाही हेच नियम लागू होतात का?

सगळे होत नाहीत. ज्याला विषय नवा आहे त्याला उपयोगी पडणारी मदत, तो विषय येत असलेल्या मुलाला अडथळा ठरू शकते, असे संशोधनात वारंवार दिसले आहे. उजळणीच्या वेळी दहावीच्या मुलाला टप्प्याटप्प्याने समजावणारा व्हिडिओ कंटाळवाणा वाटतो आणि वेळही खातो. त्याला आधी कोरी आकृती द्यावी, आठवून नावे भरू द्यावीत आणि जेथे अडेल तेवढाच तुकडा दाखवावा. मार्चच्या तोंडावर तासन्‌तास व्हिडिओ पाहून अभ्यास झाल्याचे समाधान मिळवणारी मुले पुष्कळ आहेत. पाहणे आणि आठवता येणे यांतील अंतर त्यांना अशाच कोऱ्या आकृतीने कळते.

निवेदनासोबत अक्षरे नकोत, हा प्रश्न ५ मधील नियमही येथे शिथिल होतो. इंग्रजी माध्यमातील व्हिडिओ पाहणाऱ्या मराठी मुलाला, किंवा पारिभाषिक शब्द प्रथमच ऐकणाऱ्या मुलाला, ते शब्द लिहिलेले दिसणे आवश्यक असते. पूर्ण वाक्ये नकोत, मुख्य शब्द हवेत.

१६. वर्गात एका मुलीला कमी ऐकू येते आणि एका मुलाला कमी दिसते. पडदा त्यांच्यासाठी निरुपयोगी आहे का?

नाही, पण तयारी वेगळी करावी लागते. ऐकण्यात अडचण असलेल्या मुलीसाठी खालची अक्षरे म्हणजे अडथळा नव्हे, मुख्य आधार आहे; व्हिडिओ चालू असताना शिक्षकाने पाठ फिरवून बोलू नये, कारण ती ओठ पाहत असते. त्यासाठी चित्र थांबवूनच बोलावे. दृष्टी कमी असलेल्या मुलाला पुढे बसवणे पुरेसे नसते. पडद्यावर काय दिसत आहे ते शब्दांत सांगणारा जोडीदार द्यावा, आणि तेच चित्र शिक्षकाच्या फोनवर मोठे करून त्याच्या हातात द्यावे. वर्णन करणाऱ्या जोडीदाराचेही निरीक्षण यातून सुधारते. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारी दृश्ये असलेला व्हिडिओ मात्र कोणत्याच वर्गात लावू नये. काही मुलांना त्याने अपस्माराचा झटका येऊ शकतो.

१७. तपासणीला आलेले अधिकारी विचारतात की टीव्ही रोज किती मिनिटे वापरला. नोंद कशी ठेवावी?

मिनिटांची नोंद मागितली असेल तर द्यावी, तीत वाद घालण्यासारखे काही नाही. पण तिच्याशेजारी दोन रकाने वाढवावेत: मुलांनी पाहण्यापूर्वी काय सांगितले, आणि पाहिल्यानंतर काय वेगळे सांगितले किंवा केले. प्रश्न ४ मधील दोन रंगांचा कागद हाच त्याचा पुरावा आहे. अधिकाऱ्यांपुढे असे पाच कागद ठेवल्यावर मिनिटांचा विषय सहसा पुढे जात नाही. आठवड्यात तीनच वेळा टीव्ही लावला असेल तर तसेच लिहावे.

१८. एआयने बनवलेली चित्रे वापरावीत का?

गोष्टीसाठी, कल्पनाचित्रासाठी हरकत नाही. शरीररचना, नकाशे, यंत्रे आणि ऐतिहासिक व्यक्ती यांच्यासाठी वापरू नयेत. अशा चित्रांत अवयव चुकतात, सीमारेषा चुकतात आणि देवनागरी अक्षरे अनेकदा अर्थहीन येतात, तरीही चित्र इतके देखणे असते की चूक खटकत नाही. आठवीच्या पुढच्या वर्गात मात्र असे एखादे चुकीचे चित्र मुद्दाम दाखवून चुका शोधायला लावणे हा उत्तम पाठ होतो.

१९. व्हिडिओतील माहिती आणि पुस्तकातील माहिती वेगळी निघाली तर मुलांना काय सांगावे?

आधी व्हिडिओ कोणत्या वर्षीचा आहे ते पाहावे. जुन्या व्हिडिओत नऊ ग्रह असतात, कारण प्लूटोला बटुग्रह ठरवण्याचा निर्णय २००६ मधला आहे. २०१४ पूर्वीच्या व्हिडिओत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे असतात, कारण पालघर त्या वर्षी वेगळा झाला. ऑक्टोबर २०१९ पूर्वीच्या नकाशात जम्मू-काश्मीर हे राज्य दिसते. अशा ठिकाणी कोणते बरोबर हे लगेच सांगून टाकण्यापेक्षा दोन्ही माहिती फळ्यावर शेजारी शेजारी लिहावी आणि फरक का पडला असेल, हे मुलांना शोधू द्यावे. फरक वर्षामुळे पडलेला नसेल, तर एक स्रोत चुकीचा आहे. तसे स्पष्ट सांगून तो व्हिडिओ पेनड्राइव्हवरून काढून टाकावा आणि केंद्रातील इतर शाळांनाही कळवावे, कारण तोच पेनड्राइव्ह हातोहात सगळीकडे फिरत असतो. पाठ्यपुस्तकातच शंकास्पद काही आढळले, तर परीक्षेत कोणते उत्तर ग्राह्य धरले जाईल ते मुलांना वेगळे सांगून ठेवावे.